इटलीत राहुटी कुठं टाकायची

आमच्या घराण्यातला पहिला परदेशप्रवास वांग्याच्या आळणी भाजीमुळे घडला. दुसराही त्याच भाजीमुळे घडला. मध्ये फक्त ऐंशीएक वर्षं गेली.

पहिला प्रवास माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाचा. तेल्हारा तालुक्यातल्या आमच्या गावाहून तेव्हा लोक बैलगाड्या जुंपून बहिरमच्या यात्रेला जात. ऐन थंडीत, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथे राहुटी ठोकायची, गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, कणकेचे जाड रोडगे भाजायचे, हंडीत वांगी शिजवायची आणि दिसेल त्या ओळखीच्या माणसाला ओढून आणून जेवायला बसवायचं. पहिलं ताट देवाचं, म्हणून रांधणाऱ्यानं चव घ्यायची नाही, हा आमच्याकडचा नेम. त्या वर्षी रांधलं आजोबांनी. धाकट्यानं पहिला घास घेतला आणि म्हणाला, "दादा, भाजी आळणी हाय."

सकाळपासून धुरात डोळे चोळत बसलेले आजोबा भडकले. "आळणी लागते तं लष्करात जाय. थे घालतीन तुले खारट."

यात्रेत भरतीवाले आलेलेच होते. धाकटा अर्धा रोडगा ताटात टाकून उठला आणि गेला. दुसरं महायुद्ध चालू होतं. लष्करानं त्याला इटलीला नेलं, आणि तो तिथेच राहिला.

आजोबा पुढे दर वर्षी राहुटीत एक ताट जास्तीचं वाढायचे. जाताना त्यांनी माझ्या वडिलांना एवढंच सांगितलं, "जमलं तं त्याले एक डाव जेवाले बसव. आन् भाजीत मीठ टाकजो." बाबांनी शेत सांभाळलं, आम्हा भावंडांना सांभाळलं आणि या सगळ्याच्या मागे हे एक वाक्यही सांभाळलं. आता बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. गुडघे कुरकुरतात. गेल्या पोळ्याला ते मला म्हणाले, "मास्तर, थ्या काकाच्या जेवणाचं काय करतं? मी गेल्यावर थो निरोप कोणाले द्याचा?"

मास्तर म्हणजे मी. आमच्या घरातला पहिला पदवीधर, अमरावतीत एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो. मी शिकावं म्हणून बाबांनी काय काय केलं हे लिहायला बसलो तर हा लेख तेल्हाऱ्यातच संपेल. इतकंच सांगतो की मला पाचवीत एस.टी.त बसवून देताना ते कंडक्टरला म्हणायचे, "साहेब हाय, जपून न्या." त्यामुळे बाबांनी काही मागितलं की मी नाही म्हणू शकत नाही. त्यांनी आजवर मागितलंही फार नव्हतं.

घरात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद होता, त्यावर काकांचा लष्करातला नंबर. त्या नंबरावरून युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या यादीत त्यांचं नाव मला एका दुपारी घरबसल्या सापडलं. इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर सांग्रो नावाची नदी समुद्राला मिळते, तिथे टेकडीवर युद्धातल्या सैनिकांचं कब्रस्तान आहे. ज्या हिंदू आणि शीख सैनिकांना अग्नी दिला, त्यांची नावं तिथेच एका स्मारकावर कोरलेली आहेत. त्यात आमचे काका. मी वर्गात महायुद्ध शिकवतो, नकाशावर बाण काढतो, आणि त्यातल्या एका बाणाच्या टोकावर माझ्या घरचं माणूस होतं हे मला त्या दुपारपर्यंत नीट कळलं नव्हतं.

मी उत्साहानं जवळच्या शहरातलं एक हॉटेल शोधलं आणि फोटो बाबांना दाखवला. पांढऱ्या चादरी, खिडकीतून समुद्र.

"चूल कुठं हाय?" बाबांनी विचारलं.

"हॉटेलात चूल नसते, बाबा."

"मंग काकाले काय चादर खाऊ घालतं?"

बाबांचा मुद्दा असा होता की जेवू घालायचं तर आपल्या हातचं, आपल्या चुलीवरचं, आणि त्या माणसाच्या शेजारी मुक्काम करून. पाहुण्यासारखं जाऊन फूल वाहून यायचं नव्हतं. मी दोन दिवस विचार केला. मग मला कळलं की युरोपात लोक तंबू घेऊन जातात आणि त्यासाठी जागा राखलेल्या असतात, त्यांना कॅम्पसाइट म्हणतात.

"म्हणजे काय?" बाबा म्हणाले.

"बहिरम," मी म्हटलं.

बाबांचा चेहरा असा उजळला की मी त्याच क्षणी अडकलो.

आता तळ कुठे टाकायचा ते ठरवणं आलं. मी परीक्षेचा माणूस. मी शंभर गुणांचा तक्ता केला. स्मारकापासून अंतर, तीस गुण. संडास-बाथरूम, वीस. दुकान, बसथांबा, दवाखाना, लोकांचे अभिप्राय, असे बाकीचे. नऊ जागा तपासल्या. पाच तर आमच्या दिवाळीच्या सुट्टीत बंदच असतात, म्हणून उन्हाळ्याची सुट्टी धरली. बाबांची अट एकच, मृगाच्या आत वापस. शेवटी दोन जागा उरल्या. एक समुद्रकाठची मोठी, पोहण्याचा तलाव असलेली. तिला ब्याऐंशी गुण पडले. दुसरी एका बाईच्या ऑलिव्हच्या शेतातली, सहाच तंबूंची, एकसष्ट.

माझी बायको अमरावतीची, शहरातली. तिनं तक्ता पाहिला आणि म्हणाली, "अहो, सुट्टीत तरी पेपर तपासणं बंद करा. मामाजींना विचारा ना, त्यांना कुठं राहायचं आहे ते." आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात, आणि या घरात मामाजींची वकील तीच आहे. शाळेच्या ऑफिसातल्या तिच्या नोकरीला उन्हाळ्यातही सुट्टी नसते, म्हणून ती येऊ शकणार नव्हती, पण निवड समितीवर मात्र होती.

बाबा गावाहून आले. तक्ता त्यांनी दूर धरून पाहिला. "ह्याच्यात पाणी उताराले जाते का, वारा कोणीकडून येते, मालक कसा हाय, हे कुठं हाय?"

"त्याचे गुण कसे देणार, बाबा?"

"तेच म्हणतो. जे पाह्यचं थे तुह्या कागदात नाईच."

समुद्रकाठच्या जागेचे नियम मी वाचून दाखवले. लाकूड पेटवायचं नाही, कोळसा पेटवायचा नाही. बाबांनी हातानंच ती जागा बाजूला सारली. ब्याऐंशी गुणांची जागा चुलीत नापास झाली. राहिली ऑलिव्हवाली. तिथे पाव भाजायची विटांची भट्टी होती आणि पाहुण्यांना ती वापरता येत होती. पण बाबा म्हणाले, "जागा पाह्यल्याबिगर मुक्काम ठरवाचा नसते."

म्हणून एका संध्याकाळी आम्ही त्या बाईला व्हिडिओ कॉल लावला. पासष्टीची, एकटीनं शेत करणारी बाई. ती तिच्या भाषेत बोलायची, फोन त्याचं इंग्रजी करायचा, मी त्याचं वऱ्हाडी करायचो. तिनं हौसेनं न्हाणीघर दाखवलं, तंबू दाखवला, दूरचा समुद्र दाखवला.

"तिले म्हण, माती दाखव," बाबा म्हणाले.

"बाबा, असं कसं म्हणू?"

"काहून? शेतकरीण हाय ना? तिले नाई समजणार तं कोणाले समजीन?"

मी विचारलं. बाई जराही चकित झाली नाही. खाली वाकली, मूठभर माती उचलली, कॅमेऱ्यासमोर दाबली आणि सोडली. माती भुरभुरत खाली पडली.

"वा! पाणी मुरते," बाबा खुर्चीत पुढे सरकले. "आपल्यासारखी चिकट नाई. राहुटीत चिखल नाई होणार. तिले विचार, वारा कोणीकडून येते?"

बाईनं हात समुद्राकडे केला, मग उलट डोंगराकडे केला आणि बराच वेळ तक्रार केली. फोननं त्याचं भाषांतर केलं नाही, पण बाबांना सगळं समजलं. तेही कपाशीबद्दल बरंच बोलले. मी मधून बाजूला झालो तरी दोघांचं चालूच राहिलं असतं.

"हेच," फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले. "बाई नांगर धरणारी हाय."

तरी मी अंतराचा मुद्दा सोडला नाही. कॉलेजच्या ऑफिसातून त्या भागाचा मोठा नकाशा छापून आणला आणि जमिनीवर अंथरला. पट्टी लावली. बाईच्या शेतापासून स्मारक सरळ रेषेत दोन किलोमीटरसुद्धा नव्हतं. मध्ये रस्ता नव्हता, पायवाटेची तुटक रेघ होती. बाकी सगळा नकाशा तपकिरी, बारीक, एकमेकींना खेटून गेलेल्या रेघांनी भरलेला.

"ह्या बारीक बारीक रेघा कायच्या हायेत?" बाबांनी चष्मा लावला.

मी पाहिलं. "धुरे असतील," मी म्हटलं. दोन शेतांमधल्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात.

"बाप्पा! इतके धुरे?" बाबा वाकून मोजायला लागले. "चार चार हातांवर वाटणी झाली हाय. तिकडंही भावाभावाचं पटत नसीन."

त्यांनी नकाशाच्या दुसऱ्या टोकावर बोट ठेवलं. "इथं पाह्यना, नुसते धुरेच धुरे. पिकवत कुठं असतीन?"

बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, "मामाजींना चालवेल ना तेवढं?"

"पोरी, दोन किलोमीटर मी सकाळी परसाकडं जातो," बाबा म्हणाले, आणि जागा ठरली.

इथे मला माझ्या भूगोलाच्या सरांची क्षमा मागितली पाहिजे. तेल्हाऱ्याच्या शाळेत त्यांनी आम्हाला समोच्च रेषा जीव तोडून शिकवल्या होत्या. सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. जवळ जवळ आल्या की चढ उभा. मी ती व्याख्या पाठ केली, आकृती काढली, पैकीच्या पैकी गुण मिळवले. पण आमचा पूर्णाकाठचा मुलूख ताटासारखा सपाट. उत्तरेला सातपुडा दिसतो, पण तो पाहायचा असतो, चढायचा नसतो. आमच्याकडे दोन किलोमीटर म्हणजे दोन किलोमीटर. पुस्तकातली ती आकृती कधी माझ्यासमोर जमिनीवर पसरेल आणि मी तिला धुरे म्हणेन, हे त्या बिचाऱ्या सरांनाही सुचलं नसतं.

व्हिसाच्या अर्जात एक प्रश्न होता, त्या देशात तुमचे नातेवाईक आहेत का. बाबा म्हणाले, "हाय ना, काका." मी 'नाही' लिहिलं. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मे महिन्यात अमरावतीचं ऊन डोक्यावर घेऊन आम्ही निघालो. सामानात रोडग्यांचं जाडं पीठ, तिखट, हळद, आणि बाबांच्या हट्टानं पाव किलो मीठ. "तिकडं मीठ भेटते, बाबा." "मले मालूम हाय. पण भाजी आपली आळणी झालती, मीठही आपलंच पाह्यजे."

शेतावर पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि पाऊस भुरभुरत होता. बाईनं तंबू उभा करूनच ठेवला होता. बाबांनी त्याच्या दोऱ्या ओढून पाहिल्या, एक खुंटी उपटून वाऱ्याच्या बाजूला तिरपी ठोकली. बाईनं ते पाहिलं आणि मान डोलावली. पास.

सकाळी आभाळ मोकळं झालं. मी तंबूतून बाहेर आलो तर बाबा शेताच्या कडेला उभे. समोर, अगदी समोर, दुसऱ्या टेकडीच्या उतारावर कब्रस्तानाचे पांढरे दगड ओळीनं चमकत होते. इतके जवळ की हाक मारावी. आणि मध्ये खोल दरी. आमच्या पायाखालून जमीन खाली, खाली, खाली जात होती आणि पलीकडे तितकीच वर चढत होती.

बाबांनी कपाळावर हात धरून दरी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग वळून म्हणाले, "मास्तर, थे धुरे कुठं हायेत?"

मला सरांचा फळा आठवला. खडूनं काढलेल्या रेघा एकमेकींना खेटलेल्या. 

गाडीच्या रस्त्यानं मोठा वळसा होता आणि आमच्याकडे गाडी नव्हती, म्हणून तरी आम्ही पायवाटेनं उतरून पाहिलं. दोनशे पावलांवर बाबांचा उजवा गुडघा अडला. ते एका दगडावर बसले. मी म्हटलं, पाठीवर घेतो. "तुह्या पाठीवर? पुस्तकं उचलून वाकली ते? दोघंही काकाच्या शेजारी राहू मंग." हसले, पण मग दगडांकडे बघून हळूच म्हणाले, "इतक्या दूर आलो आन् वेशीतून वापस जाचं का?"

ते वाक्य मला लागलं. आयुष्यात त्यांनी मागितलेली एक गोष्ट मी गुण देऊन, पट्टी लावून, नकाशा अंथरून दिली होती, आणि ती दरीपलीकडे ठेवली होती.

आम्ही वर आलो तेव्हा बाई पाव भाजत होती. मी फोनच्या भाषांतरातून तिला सगळं सांगितलं: काका, भाजी, रोडगा, गुडघा. धुऱ्यांचं सांगायला मला लाज वाटली, पण तेही सांगितलं. ती इतकी हसली की तिला भट्टीची कड धरावी लागली. मग तिनं डोळे पुसले आणि गोठ्यासारख्या एका छपराकडे बोट दाखवलं. आत ट्रॅक्टर होता, जुना, निळा. खालच्या बागेत तिला उद्या जायचंच होतं. बागेचं फाटक स्मारकाच्या रस्त्यावरच उघडायचं. तिनं बाबांना बसायची जागा दाखवली, मडगार्डवर.

बाबा माझ्याकडे वळले. "म्हटलं होतं ना? जागेचे गुण नाई पाह्यचे, मालक पाह्यचा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच भट्टी पेटली. गोवऱ्या नव्हत्या, ऑलिव्हच्या फांद्यांचा आर होता. बाबांनी तो काठीनं पसरवून, फुंकून, तोंड वाकडं करून मान्य केला. रोडगे थापले, घडी घातली, आरात सारले. वांगी तिथल्या बाजारातली, हातभर लांब, जांभळी. बाबा त्यांना "साहेब वांगे" म्हणाले. भाजी शिजली. चव घ्यायची नाही, हा नेम तिथेही होता. बाबांनी मुठीनं मीठ टाकलं आणि अंघोळीला गेले.

मी हंडीपाशी एकटाच. बाबांनी पुरेसं टाकलं असेल का? आजोबांनीही असंच अंदाजानं टाकलं असणार. पुन्हा आळणी झाली तर? मी इकडेतिकडे पाहिलं आणि एक चिमूट टाकली. मग आणखी एक.

निघताना बाबा मडगार्डवर, मी मागे ट्रॉलीत, मांडीवर दुपट्ट्यात बांधलेली हंडी. उतारावर ट्रॅक्टर कलंडल्यासारखा व्हायचा आणि बाबा बाईला ओरडून सांगायचे, "गेर टाका, बाई, गेर!" बाई वऱ्हाडीतलं ते वाक्य ऐकून गेर टाकायची.

स्मारकाच्या दाराशी नियमांचा फलक होता. मी तो दोनदा वाचला. जेवणाबद्दल काही नव्हतं. आत हिरवळ, ओळीनं दगड, गुलाबाची झाडं. मी नावं वाचत वाचत गेलो आणि एका ओळीवर थांबलो. बाबांना इंग्रजी वाचता येत नाही. "वाच," ते म्हणाले. मी वाचलं. "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं.  बाबांनी अक्षरांवरून बोट फिरवलं, जसं त्यांनी माझ्या दहावीच्या निकालपत्रावरून फिरवलं होतं.

मग त्यांनी भिंतीपासून थोडं दूर, गवतावर दुपट्टा अंथरला. दोन ताटं मांडली. पहिल्या ताटात भाजी वाढली आणि रोडगा मधोमध मोडून अर्धाच ठेवला.

"अर्धाच?" मी विचारलं.

"अर्धा थ्यानं तवाच खाल्ला होता," बाबा म्हणाले. मग दगडाकडे बघून, आवाज थोडा वाढवून, "काका, उशीर झाला. पोट्टं शिकून राह्यलं होतं."

काकांच्या ताटापुढे हात जोडून बाबांनी आपल्या ताटातला पहिला घास घेतला. चावायचं थांबले. माझ्याकडे पाहिलं.

"तू मीठ टाकलं?"

"थोडंसं."

दाराशी उभ्या असलेल्या बाईलाही मी फोनच्या भाषांतरातून तेच विचारलं. तिनं अंगठा आणि बोट जुळवून चिमूट दाखवली. हंडीजवळून जाताना भाजी फिकी दिसली म्हणून तिनंही टाकलं होतं, म्हणे.

बाबांनी बाटली उघडून दोन घोट पाणी प्यायलं, नावांच्या दगडाकडे वळून म्हणाले, "काका, आता म्हणा आळणी," आणि दुसरा घास घेतला.